चोवीस पॉइंटांची सूट

साहेबांच्या फायली धरायला म्हणून हितेंद्र परब रविवारी सकाळी गोल्फच्या मैदानावर गेला आणि दुपारी परत आला तो पुरता भारावूनच.

"लतिका, काय डोकं लावलंय गं लोकांनी," पायातले मोजेही न काढता तो बायकोला म्हणाला. "सत्तरीचे एक शेठ, पोट हे एवढं. समोर कोण, तर क्लबचा चॅम्पियन. आणि जिंकले कोण? शेठ."

"चॅम्पियनला ताप होता का?"

"हँडिकॅप! अख्खं मैदान संपवायला चॅम्पियनला लागतात पंच्याहत्तर फटके आणि शेठना शंभर. म्हणून शेठचे पंचवीस वजा करायचे. झाले ना दोघं सारखे? आता जो स्वतःच्या नेहमीच्या खेळापेक्षा बरा खेळेल, तो जिंकला."

"म्हणजे लिंबूटिंबू," लतिका म्हणाली. "लगोरीत आम्ही धाकट्याला घ्यायचो, तसंच की."

हितेंद्रला हे लागलं. त्याच्या डोळ्यांसमोर आता गोल्फ नव्हतं, कॅरम होता. लालबागची त्यांची चाळ पडून टॉवर झाला, लिफ्ट आली, पण चाळीतून दोन गोष्टी जशाच्या तशा वर आल्या: सव्वीस जानेवारीची सत्यनारायणाची पूजा आणि त्या निमित्ताने होणारी कॅरमची स्पर्धा. सोसायटीच्या हॉलमध्ये विजेत्यांच्या नावांचा लाकडी फळा होता. त्यावर वरपासून खालपर्यंत एकच नाव, सुनेत्रा तावडे. पेंटर दर वर्षी येऊन फक्त साल रंगवायचा. त्या फळ्यावर एकदा, आयुष्यात एकदाच, आपलं नाव लागावं एवढीच हितेंद्रची इच्छा होती. आणि पहिल्या फेरीच्या पुढे तो कधी गेला नव्हता.

सुनेत्राकाकींचा खेळ बघणं हे मात्र त्याला देवदर्शनासारखं वाटे. काकी महापालिकेतून निवृत्त झालेल्या, हातात निघता निघणार नाहीत अशा जाड पाटल्या आणि बिलवर, आणि बोटं अशी की स्ट्रायकरला नुसती हाक मारावी आणि त्याने जाऊन काम करून यावं. हरल्याचं दुःख विसरून समोरचा बघत बसायचा.

सोसायटीचे सेक्रेटरी शामराव यांना हितेंद्रने योजना पटवली. स्पर्धेआधी प्रत्येकाने सरावाचे काही सामने खेळायचे. जो जितका वाईट खेळेल, तितके पॉइंट त्याला स्पर्धेत सुरुवातीलाच फुकट. गेम नेहमीसारखा पंचविसाचा.

"फेअर आहे," शामराव म्हणाले. "गोल्फमध्ये असंच असतं ना?"

"अगदी असंच," हितेंद्र म्हणाला. खरं तर मैदानावर त्याला आणखी एक गोष्ट सांगितली होती, पण ती त्याने सोयीस्करपणे गिळली.

आणि मग सराव सुरू झाला. पहिल्या दिवशी लोक खेळले. दुसऱ्या दिवशी त्यांच्या लक्षात आलं की हरण्यात फायदा आहे. तिसऱ्या दिवसापासून हॉलमध्ये जे चाललं, त्याला कॅरम म्हणणं कठीण होतं. पॉकेटच्या तोंडाशी बसलेली सोंगटी सोडून माणसं समोरच्या फळीला नेम धरू लागली. हितेंद्र आणि तिसऱ्या मजल्यावरचा रघुवीर यांच्या सामन्यात तर दोघंही जीव तोडून हरायला बसले होते.

"अरे, घाल ना ती," रघुवीर म्हणाला. "एवढी समोर आहे."

"तुझी आहे, तू घाल."

"मला दिसतच नाही रे. चष्मा वर राहिला."

"कपाळावर आहे तो."

इतक्यात लतिका जेवायला बोलवायला आली आणि दारातच उभी राहिली. राणी पॉकेटच्या अगदी ओठावर होती. हितेंद्रचा हात शिवशिवला. बायको बघतेय, एक तरी शॉट देखणा मारावा, एका राणीने काय बिघडतंय? त्या आठवड्यात पहिल्यांदाच त्याने मनापासून नेम धरला. स्ट्रायकर गेला, राणी हलली, पॉकेटच्या एका कडेला लागली, दुसऱ्या कडेला लागली आणि रमतगमत परत येऊन बोर्डाच्या मधोमध, डावाच्या सुरुवातीला होती तिथेच बसली.

कोपऱ्यात प्रसादाच्या शिऱ्यासाठी काजूचे तुकडे करत बसलेल्या सुनेत्राकाकींचा हात थांबला. लतिका वर निघून गेली. हितेंद्रला चोवीस पॉइंटांची सूट मिळाली, सगळ्यांत जास्त.

चोवीस हातात घेऊन बसलेल्या माणसाला कोण हरवणार? प्रत्येक सामन्यात कसाबसा एक पॉइंट काढत तो थेट फायनलला पोचला. समोर काकी. त्यांचं शून्य, याचे चोवीस. बोर्डावर पावडर पडली. पेंटर डबा घेऊन दाराशी येऊन बसला होता. हितेंद्रने त्याला आपलं नाव नीट, काना-मात्रेसकट सांगूनही ठेवलं होतं.

काकींनी स्ट्रायकर उचलला आणि परत खाली ठेवला. "शामराव, गोल्फमध्ये ही सूट कशावरून काढतात?"

"सगळ्या खेळांची सरासरी ना?"

"नाही. मी मोबाइलवर वाचलं. गेल्या वीस खेळांतले सगळ्यात चांगले आठच धरतात. माणूस वाईट किती खेळतो ते बघतच नाहीत. तो चांगला किती खेळू शकतो, ते बघतात."

हितेंद्रने गिळलेली गोष्ट हीच होती.

"आणि ह्याचं चांगलं मी बघितलंय," काकी म्हणाल्या. "ती राणी. दोन्ही कडांना लावून मध्यावर परत आणली ह्याने. हरायचं म्हणून. अरे, घालायला काय, कोणीही घालेल. अशी परत आणायला हात लागतो. मला आजवर जमलेलं नाही. ह्याला कसली सूट देताय? सूट द्यायची तर मला द्या."

अख्खा हॉल हितेंद्रकडे बघायला लागला. "काकी, ती..." त्याने तोंड उघडलं. ती खरंच चुकली होती, एवढंच म्हणायचं होतं. चोवीस पॉइंट राहिले असते, फळ्यावर नाव लागलं असतं.

पण त्याची नजर लतिकाकडे गेली. ती त्याच्याकडे डोळे विस्फारून बघत होती. लग्न झाल्यापासून त्याने हे डोळे भाजी निवडताना, बिलं तपासताना, त्याची चूक काढताना बघितले होते. असे नव्हते बघितले.

"अहो, तुम्ही ती मुद्दाम आणलीत?" तिने हळूच विचारलं.

"काकींपासून काय लपणार," तो म्हणाला.

सूट रद्द झाली. शून्य-शून्यवर सामना सुरू झाला आणि काकींनी पहिल्या बोर्डात त्याला स्ट्रायकरला हातही लावू दिला नाही. एकेक सोंगटी जात होती आणि तो नेहमीसारखा आ वासून बघत होता. मध्ये एक बोर्ड कसा कोण जाणे त्याच्याकडे आला. काकींची एकच सोंगटी शिल्लक असताना त्याची शेवटची आत गेली. एक पॉइंट. शेवटी काकी पंचवीस, हितेंद्र एक.

"चोवीस आणि एक किती झाले रे?" रघुवीरने कानाशी येऊन विचारलं. पेंटरने साल रंगवलं आणि डबा बंद केला.

प्रसाद घेताना काकींनी त्याला बाजूला ओढलं. "हितू, ती राणी परत आणायची मला शिकवशील? तेवढं एकच राहिलंय बघ." एवढ्या मोठ्या बाईच्या तोंडावर लहान मुलीसारखी आशा होती. हितेंद्रला नाही म्हणवेना.

"शिकवतो की," तो म्हणाला. "जरा हात बसू दे परत."

तेव्हापासून रोज ऑफिसातून आल्यावर हितेंद्र घरी बोर्ड मांडतो. राणी पॉकेटच्या ओठावर ठेवतो, श्वास रोखतो आणि ती परत यावी म्हणून जीव लावून मारतो. लतिका चहाचा कप घेऊन शेजारी बसते. हल्ली ती टीव्हीसुद्धा लावत नाही. सुरुवातीला राणी कुठेही जायची. आता तो ती थोडी लांब ठेवून बघतो, तिरकी ठेवून बघतो, फळीला लावून मारतो.

"आज तरी आली का परत?" लतिका विचारते.

"नाही गं," हितेंद्र कपाळावरचा घाम पुसत म्हणतो. "आजही आतच गेली."