आत दोन इंच

कार्यक्रम आखण्यात माझा हात धरणारा माणूस आमच्या खानदानात नाही. हे माझं मत आहे. इतरांचं विचारायची वेळ मी कधी येऊ दिलेली नाही. ऑफिसातले सगळे निरोपसमारंभ माझ्याकडेच असतात. एकदा ज्या साहेबांना निरोप द्यायचा होता त्यांनाच बोलवायचं राहून गेलं, पण तेवढं सोडलं तर तोही कार्यक्रम उत्तम झाला होता.

त्यामुळे बाबांची पंचाहत्तरी जवळ आली आणि बायकोने विचारलं, "काय करायचं?" तेव्हा मी म्हटलं, "तू फक्त बघत राहा."

माझे बाबा शिंपी. गिऱ्हाइकं त्यांना मास्तर म्हणायची. बाजारातल्या कोपऱ्यावरच्या दुकानात त्यांनी चाळीस वर्षं मशीन चालवलं आणि दोन वर्षांपूर्वी दुकान बंद केलं. हात थकले नव्हते, चष्मा लावला की डोळेही ठीक होते. पण जो तो तयार कपडे घ्यायला लागला आणि दिवसेंदिवस दुकानाची पायरी कोणी चढेना. मशीन घरी आणून खिडकीपाशी ठेवलं, वर चादर टाकली, आणि बघता बघता त्याचं इस्त्रीचे कपडे ठेवायचं टेबल झालं. शेजारच्या खुर्चीत बाबा पेपर वाचत बसायचे. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत, आणि मग उलट. एकदा मला म्हणाले, "आता माझ्याकडे कोणाचं काही काम नाही." तक्रार नव्हती, बाहेर ऊन पडलंय म्हणावं तसं म्हणाले. मला मात्र ते फार लागलं.

म्हणून माझी योजना अशी होती. बाबांच्या जुन्या गिऱ्हाइकांना बोलवायचं आणि प्रत्येकाने बाबांनी शिवलेलं काहीतरी घालून यायचं. हॉलभर आपलंच काम बघून म्हातारा हरखून जाईल.

"कल्पना छान आहे," बायको म्हणाली. "तुझ्याकडे आहे का त्यांनी शिवलेलं एखादं?"

"मी मुलगा आहे त्यांचा."

"म्हणूनच विचारतेय."

नव्हतं. सतराव्या वर्षी मला खिशावर कंपनीची खूण असलेला शर्ट हवा होता, आणि त्या भरात बाबांनी शिवलेले सगळे शर्ट मी वाटून टाकले होते. आता ते कोणाला सांगणार? मी बाजारातून एक निळ्या चौकडीचा शर्ट आणला, ब्लेडने मानेमागची कंपनीच्या नावाची पट्टी काढली आणि जुना दिसावा म्हणून चार वेळा धुतला. बायको बघत होती. पाचव्यांदा साबण मागितला तेव्हा तिने डबा लपवला.

मग मी फोनवर एक ग्रुप काढला आणि सगळ्यांना कळवलं. दोन आठवड्यांनी, रविवारी पाच वाजता, वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये, मास्तरांनी शिवलेले कपडे घालून यावं, आणि मास्तरांना अजिबात कळता कामा नये. अठरा जणांनी लगेच होकार दिला.

एवढ्या बारकाईने आखलेल्या योजनेत एकच गोष्ट माझ्या डोक्यात आली नव्हती. माणूस तीस वर्षांत वाढतो, आणि मुख्यतः आडवा वाढतो. कोट बिचारा होता तेवढाच राहतो. आणि मास्तरांनी शिवलेला कोट घट्ट झाला, तर माणूस तो सैल करायला कोणाकडे नेईल?

मंगळवारी ऑफिसातून घरी आलो तर मशीनवरची चादर खाली पडली होती, माझे इस्त्रीचे कपडे कॉटवर भिरकावलेले होते आणि बाबा गळ्यात टेप टाकून एक राखाडी कोट उसवत बसले होते. बँकेतून निवृत्त झालेल्या कॅशियरकाकांचा कोट.

मी गॅलरीत जाऊन काकांना फोन लावला. "काका, गुप्त ठेवायचं ठरलं होतं ना?"

"मी कुठे काय बोललो? सहज घालावासा वाटला म्हणून सांगितलं. दुसऱ्या कोणाकडे टाकला असता तर मास्तरांना काय वाटलं असतं?"

बुधवारी माझ्या शाळेच्या मुख्याध्यापिका बाई आपला लांब कोट घेऊन आल्या. गुरुवारी लग्नात ट्रम्पेट वाजवणारे बँडवाले काका आले, त्यांचा लाल कोट पोटाशी वीतभर उघडा राहत होता. पुढच्या आठवड्यापर्यंत अठराच्या अठरा कपडे आमच्या घरात येऊन पडले. सोफ्यावर बसायला जागा नव्हती, आम्ही आळीपाळीने बसत होतो.

आणि बाबा? बाबा रोज दाढी करायला लागले. चहा मशीनपाशी मागवायला लागले. पेपर तर घडीही न मोडता पडून असायचा. आई म्हणाली, "दोन वर्षांनी यांचा आवाज ऐकतेय मी." एका सकाळी बाबा मला म्हणाले, "कोपऱ्यावरचा गाळा रिकामा आहे का, जाता जाता विचार. लोकांना गरज आहे रे अजून."

लोकांना गरज नव्हती. लोकांना माझा निरोप गेला होता. हे बाबांना कळलं तर ते पुन्हा त्या खुर्चीत जाऊन बसणार, आणि या खेपेला त्यांना तिथून कोणी उठवू शकणार नव्हतं.

शुक्रवारी बाबांनी विचारलं, "रविवारी काय आहे?"

"कुठे काय?"

त्यांनी वही पुढे केली. "हे बघ. कॅशियरला रविवारी दुपारपर्यंत हवाय. बाईंना रविवारी. बँडवाल्यांना रविवारी. एकाच दिवशी सगळे नटून कुठे निघालेत?"

"योगायोग असेल."

"अठरा जणांचा?" त्यांनी चष्मा काढून पुसला. "काहीतरी मोठा कार्यक्रम आहे. झाडून सगळ्यांना बोलावलंय. एक मीच नको झालोय." मग वही मिटली आणि शांतपणे म्हणाले, "सोमवारी देईन सगळ्यांचे."

तसं त्यांनी सगळ्यांना कळवूनही टाकलं, आणि शनिवारी सकाळपासून माझा फोन थांबेना.

"मी उद्या काय घालून येऊ?" बाईंनी विचारलं. त्यांचा आवाज ऐकून मी खुर्चीतून उठून उभा राहिलो होतो.

"बाई, दुसरं काहीतरी घाला."

"मग कार्यक्रमाला अर्थ काय उरला?"

बँडवाल्यांनी तर साफ सांगितलं, "येतो, पण कोट नसेल तर वाजवणार नाही. अंगात कोट नसला की फुंकर लागत नाही."

मी स्वयंपाकघरात आईकडे गेलो. ती म्हणाली, "सांगून टाक त्यांना."

"अगं, पण मग त्यांना कळेल की लोक आपणहून आले नव्हते."

"अठरा जणांना निरोप धाडलास तेव्हा नाही का सुचलं हे?"

दुपारी मी बाबांच्या समोर स्टूल घेऊन बसलो आणि सगळं सांगितलं. शर्टाचं सोडून. बाबांनी ऐकून घेतलं. गळ्यातला टेप काढला, त्याची गुंडाळी केली आणि खणात ठेवली.

"म्हणजे गरज कोणालाच नव्हती," ते म्हणाले. "तू सांगितलंस म्हणून आले."

बाबा चादर शोधायला लागले. ती मशीनवर टाकायच्या आत मी म्हटलं, "बाबा, मी त्यांना फक्त घालून या म्हटलं. तीस वर्षं जपून ठेवा असं मी नव्हतं सांगितलं."

बाबा चादर हातात घेऊन तसेच उभे राहिले. मग त्यांनी कॅशियरकाकांचा कोट उचलला आणि उलटा करून मला दाखवला.

"हे बघ. शिवतानाच प्रत्येक शिवणीत आत दोन इंच कापड ठेवलं होतं. आज ना उद्या माणूस वाढणार, ते धरूनच चालायचं असतं." मग चादर माझ्या हातात देऊन म्हणाले, "बाईंचं अस्तर राहिलंय. पडदा सरकव, उजेड येऊ दे."

मला रडू आलं. मी पडदा जरा जास्तच वेळ सरकवत राहिलो.

रविवारी पाच वाजता अठरा माणसं सगळी बटणं लावून हॉलमध्ये उभी होती. बाबांना आईने आश्चर्य वाटल्यासारखं करायला सांगितलं होतं. ते दारात थांबले, "अरे वा" म्हणाले आणि आईकडे बघून खात्री करून घेतली. मग थेट कामाला लागले. एकेकाजवळ जायचं, खांदा चाचपायचा, बाही ओढून बघायची. तोंडाकडे कोणाच्या बघितलंच नाही, पण कोट बघून नाव अचूक घ्यायचे. बँडवाल्यांनी छाती भरून वाजवलं, कोट जागचा हलला नाही. बाई म्हणाल्या, "मास्तर, आणखी दोन कोट आहेत घरी. उद्या आणू का?" बाबा म्हणाले, "आणा की." हे मात्र मी कोणाला सांगितलेलं नव्हतं.

मी कोपऱ्यात उभा राहून स्वतःवरच खूश होत होतो. तेवढ्यात बाबा माझ्यासमोर आले.

"हा कधी शिवला मी?"

"कॉलेजात असताना."

त्यांनी शर्टाचं टोक उलटं केलं आणि शिवणीवरून अंगठा फिरवला. कॅशियरकाका बघायला वाकले. बायको छताकडे बघायला लागली.

"आत कापड नाही," बाबा म्हणाले. "हा माझा नाही."

"बाबा, ते काय झालं…"

"हात वर कर. श्वास सोड. पोट आत घेऊ नकोस, मला दिसतंय." टेप माझ्याभोवती फिरला आणि बाबांनी हॉलच्या टोकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "बेचाळीस."

आईने पिशवीतून वही काढली. म्हणजे या दोघांनी घरूनच ठरवून आणलं होतं.

"आत किती ठेवायचं?" आईने विचारलं.

बाबांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "याला तीन लिही."

याला आता दोन महिने होत आले. मशीन खिडकीपाशीच आहे, त्यावर माझे इस्त्रीचे कपडे ठेवायची परवानगी नाही. परवा मी हळूच विचारलं, "बाबा, माझ्या शर्टाचं काय झालं?"

"बाहेरची गिऱ्हाइकं आधी."

"मी मुलगा आहे तुमचा."

"म्हणून तर थांबवतोय. त्यांना थांबवता येतं का?" त्यांनी दोरा ओवला आणि वर न बघता म्हणाले, "सोमवारी ये."

कोणत्या सोमवारी, ते विचारायची माझी हिंमत झाली नाही.