दर्यावरून मोजलेलं शिखर

आबा प्रभुदेसाई पेजेचा पहिला घोट घेतात न घेतात, तोच त्यांच्या पत्नी विमलाबाईंनी मागील दारातून बातमी आणली.

"ऐकलात? खालच्या वाडीतलो मारुती माडांच्या वर इलो."

आबांनी वाडगा खाली ठेवला. हा मारुती म्हणजे गाबितांनी, खालच्या वाडीतल्या मच्छीमारांनी, किनाऱ्यावर बांधायला घेतलेलं नवं देऊळ. आबा गावचे मानकरी आणि नुकत्याच निघालेल्या ग्रामपंचायतीचे सरपंच. सरपंच होताच त्यांनी पहिला ठराव रस्त्याचा केला नाही, विहिरीचा केला नाही, शिखराचा केला. गावातलं कोणतंही नवं देऊळ ग्रामदैवत रवळनाथाहून उंच असता कामा नये! ठराव एकमताने पास झाला, कारण तेव्हा गावात कोणीच देऊळ बांधत नव्हतं.

आबा छत्री उचलून थेट किनाऱ्यावर गेले. देवळाचा कारभारी गुणाजी तांडेल जाळं दुरुस्त करत बसला होता.

"गुणाजी, काम बंद कर. तुमचो मारुती रवळनाथाच्या वर गेलो."

"कोण म्हणता?"

"मी म्हणतंय."

"मोजल्यात?"

गुणाजीने जाळं बाजूला सारलं.

"आबानू, शिखर आमका उंचच व्हया. पाण्यातल्या खडपांमधसून होडी आत घालूक ज्या माडाची खूण होती, तो वादळात पडलो. आता शिखर दिसला तरच वाट गावतली. नायतर आमी घराक येवचा कसा?"

"ता मारुतीक विचार. माका ठराव आसा."

मारुती मोजायला वेळ लागला नाही. गवंड्याने वरून दोरी सोडली. रवळनाथ मोजायचा तर त्याच्या डोक्यावर पाय देऊन चढायला हवं, आणि ते करणार कोण? गंगाराम गुरवाने कौल लावला. देवाच्या अंगावर पाकळ्या चिकटवून त्याने हात जोडले, "देवा म्हाराजा, मापासाठी तुज्या माथ्यावर माणूस चडवू काय?" डावी, म्हणजे नकाराची, पाकळी अशी पडली, की देवाने ती झटकलीच असावी.

"मगे दर्यातसून बगूया," गुणाजी म्हणाला. "दोनव देवळा एका नदरेत येतत. जो उंच दिसात तो उंच."

आबांना हे न्यायाचं वाटलं. प्रभुदेसायांच्या घराण्यात पिढ्यानपिढ्या समुद्रातलं सगळं खाल्लं गेलं होतं. समुद्रात मात्र कोणी गेलं नव्हतं. ही गोष्ट त्यांच्या लक्षात यायला होडी सुटावी लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आबा काळी टोपी, छत्री आणि विमलाबाईंनी दिलेलं लिंबू घेऊन होडीत बसले. किनाऱ्याजवळून मारुती चांगलाच दांडगा दिसत होता आणि रवळनाथ त्याच्यामागे लपल्यासारखा.

"बगा, आबानू."

"जवळचो मोठो दिसतलोच! भायर घे."

आबांचं म्हणणं खरं होतं. रवळनाथ मागे डोंगराच्या उतारावर. होडी जसजशी बाहेर जाई, तसतसा तो वर येई. पण रवळनाथ चढत गेला तसे आबा उतरत गेले. आधी छत्री मिटली, मग टोपी निघाली, मग डोकं होडीच्या काठावर टेकलं.

"झाला, आबानू?"

"बोटभर कमी आसा. अजून भायर..." पुढचं वाक्य पेजेबरोबर दर्यात गेलं.

शेवटी रवळनाथ बोटभर वर आला.

"जिकलो!" आबा लिंबू हुंगत म्हणाले. "आता बेगीन घराक चल."

तेवढ्यात डोंगरावरून धुकं उतरलं. रवळनाथ गेला, डोंगर गेला, माडही गेले.

"खंयच्यान चलू?" गुणाजीने वल्हं थांबवलं. "मधी खडपा आसत. खूण दिसाक व्हयी."

होडी हेलकावू लागली. कालपासून मारुती ठेंगणा कसा ठरेल याची चिंता करणारे आबा आता टाचा उंचावून त्याला शोधू लागले. बऱ्याच वेळाने धुक्यात गिलाव्याचा एक पांढरा ठिपका उमटला.

"गुणाजी! तो बग! मारुती दिसता रे!" आबांनी हात जोडले. लिंबू दर्यात पडलं.

किनाऱ्यावर अर्धा गाव जमला होता. "कोण उंच?"

"रवळनाथ," आबा म्हणाले, आणि वाळूतच बसले. वरच्या वाडीने आपला देव जिंकला म्हणून आणि खालच्या वाडीने आपलं देऊळ ठरावात बसलं म्हणून, दोघांनी एकदमच गजर केला.

हा वाद कायमचा मिटावा म्हणून आबांनी दुसऱ्याच दिवशी पंचायतीत नवा ठराव मांडला: देवळाची उंची दर्यातूनच पाहावी आणि ज्याची हरकत असेल त्याने होडीत बसून सरपंचासमक्ष खात्री करून घ्यावी. 'सरपंचासमक्ष' हा शब्द त्यांनी सवयीने घातला. त्याशिवाय ठराव त्यांना उघडाबोडका वाटे. होडीत बसायला कोण येतोय, या समाधानात त्यांनी सभेवर नजर फिरवली. सगळे हात वर झाले, मग खाली आले. एक हात वरच राहिला.

"माजी हरकत आसा," गुणाजी म्हणाला.

"कोणाच्या देवळाक?"

"आमच्याच. काल मारुती उशिरा दिसलो. अजून चार हात चडवूक व्हयो. पण मगे रवळनाथाच्या वर जाता काय, ता बगूक व्हया. चला आबानू, होडी तयार आसा." त्याने कमरेतून एक लिंबू काढून आबांपुढे ठेवलं. "तुमचा काल पडला."

आबांनी लिंबाकडे पाहिलं. मग डोळे घट्ट मिटून घेतले.

"चार कित्याक? पाच हात चडय," ते म्हणाले. "माका हयसूनच दिसता. रवळनाथच उंच!"