बिनसमुद्राचा किनारा

कोणत्याही जागेचा विकास करायचा असेल, तर ती जागा आधी ओसाड असावी लागते. ज्या गावांकडे ओसाड जागा नाहीत त्यांची प्रगती खुंटते, आणि ज्यांच्याकडे आहेत त्यांना त्यांची किंमत नसते. आमच्या गावाला ही जाणीव गेल्या वर्षी झाली.

आमचं गाव नांदुऱ्याहून एसटीने अर्ध्या तासावर आहे (एसटी आली तर). नाव सांगत नाही, कारण प्रसिद्धीचे हक्क किनारा विकास समितीकडे आहेत आणि मी त्या समितीचा सचिव आहे. समुद्रकाठच्या शहरांतल्या बंद पडलेल्या गोद्या, गिरण्या आणि धक्क्यांच्या जागा पुन्हा जिवंत करायची एक योजना निघाली आहे, असं आमचे अध्यक्ष भगवंतराव यांच्या वाचनात आलं. भगवंतरावांचं खत-बियाण्यांचं दुकान आहे, त्यामुळे योजना त्यांना वासावरून कळतात. गावाच्या टोकाला कापसाची जुनी जिनिंग-प्रेस होती. कापूस यायचा थांबला, यंत्रं भंगारात गेली आणि कापूस पसरायचा लांबरुंद सिमेंटचा ओटा तेवढा उरला. म्हणजे बंद पडलेली औद्योगिक जागा आमच्याकडे तयार होती. प्रश्न फक्त समुद्राचा होता.

त्यासाठी समितीने कोकणात अभ्यासदौरा काढला. तिथे एका जुन्या धक्क्यावर गोदामाचं कॉफीचं दुकान केलं होतं, माल उचलायच्या गंजलेल्या यारीला पिवळा रंग दिला होता आणि बाकडी टाकली होती. भगवंतरावांनी संध्याकाळभर बारकाईने निरीक्षण केलं. आलेला प्रत्येक माणूस समुद्राकडे पाठ करून स्वतःचा फोटो काढत होता. तेव्हा समुद्र हा प्रकल्पाचा आवश्यक भाग नाही, हे समुद्राच्या साक्षीनेच सिद्ध झालं.

उरलं पाणी. प्रेसच्या मागून नाला जातो. पावसाळ्यात त्याला पावसाचं पाणी असतं आणि एरवी वरच्या आळीच्या न्हाण्यांचं, त्यामुळे तो बारमाही आहे. समितीने लोकांचं मतही घेतलं. चौऱ्याऐंशी टक्के नागरिकांना किनारा हवा होता, बाकीच्यांनी पाणी पिण्याचं आहे का, असं विचारलं (ही मतं बाद धरली).

खरी अडचण पुढे आली. योजनेनुसार जागा वापरात नसलेली हवी, आणि आमची पडीक जागा अतिशय वापरात होती. पोरं तिथे क्रिकेट खेळत, नवे शिक्षक तिथे स्कूटर शिकत, लग्नाचे मांडव तिथे पडत, शेळ्या कायमस्वरूपी होत्या. आणि माघापासून वैशाखापर्यंत सगळा ओटा जनकाबाईंचा असे. गल्लीतल्या दहा-बारा बाया घेऊन त्या मिरच्या, कुरडया, सांडगे वाळवत आणि नांदुऱ्यापासून चिखलीपर्यंतच्या बाजारांत विकत. पत्र्याच्या घरांना गच्ची नसते. त्यामुळे जनकाबाईंचं वर्षभराचं घर, लेकीच्या नर्सिंगच्या शिक्षणासकट, त्या ओट्यावर वाळत असे.

पुनरुज्जीवन करायचं तर आधी जीव जायला हवा, हे ओळखून समितीने पहिला टप्पा हाती घेतला. फाटकावर पाटी लावली: ‘ही जागा निर्जन आहे. कृपया गर्दी करू नये.’ जनकाबाईंनी पाटी पूर्ण वाचली आणि तिच्या खिळ्याला मिरच्यांचं पोतं अडकवलं.

मार्च उजाडला आणि आमच्या अर्जावर मुंबईहून पाहणीचं पथक निघाल्याची वर्दी आली. भगवंतराव स्वतः जनकाबाईंकडे गेले. एका दिवसाचा प्रश्न आहे, गावाचा मान आहे, तेवढा एक दिवस ओटा रिकामा ठेवा, असं त्यांनी हात जोडून सांगितलं. जनकाबाईंना हात जोडायची गरज नव्हती. पाहुणे येणार एवढंच त्यांना पुरलं.

“पाहुण्याले ठसका लागला तं गावाचं नाव खराब होते,” त्या म्हणाल्या. “मी उचलून घेतो मिरच्या. झाडूनबी देतो.”

इथपर्यंत सगळं नियमाप्रमाणे होतं. जागा निर्जन, ओटा लख्ख, शेळ्या नातेवाइकांकडे. पण मुंबईहून माणसं येणार आणि उपाशी जाणार, ही कल्पना समितीतल्या कोणालाच सोसवेना. पाहुणा म्हटला की आमच्याकडे रोडगे होतात. कणकेचे गोळे गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजायचे, तुपात बुडवायचे, सोबत वरण आणि वांग्याची भाजी. रोडग्यांना मोकळी जागा लागते, आणि मोकळी जागा प्रेसचीच होती. रोडगे जनकाबाईंसारखे कोणी करत नाही, म्हणून त्यांनाच बोलावलं. आणि चार माणसांपुरते रोडगे करणं हा आमच्याकडे अपमान समजतात (चारही माणसांचा), म्हणून गावाला आवतन गेलं.

पथकप्रमुख अनुपमा मॅडम निर्जन जागा पाहायला उतरल्या, तेव्हा तिथे पाचवी पंगत बसली होती. भगवंतरावांचा चेहरा पडला. मॅडमचा मात्र उजळला. योजनेत वर्षअखेरीला एक तरी पूर्ण झालेलं काम दाखवायचं होतं आणि किनारपट्टीवरची सगळी कामं रखडली होती (तिथे समुद्र मध्ये येतो). इथे बंद कारखान्याच्या जागेत, पाण्यालगत, आबालवृद्ध आनंदाने जेवत होते. मॅडमनी तीन रोडगे खाल्ले, भरपूर फोटो काढले आणि पुनरुज्जीवन लोकसहभागातून पूर्ण झाल्याचं तिथेच जाहीर केलं. सुरू होण्याआधी पूर्ण झालेलं ते पहिलंच काम असावं. आम्हाला ढाल मिळाली, किनारी शहराचा दर्जा मिळाला आणि बांधकाम उरलंच नसल्याने देखभालीला मंजुरी मिळाली.

देखभाल म्हणजे जागा पाहणीच्या दिवशी होती तशीच ठेवणं. त्यासाठी उंच कुंपण, तिकीटखिडकी, पहारेकरी, आणि रविवारी शहरातल्या केटररकडून रोडगे महोत्सव. ढालीची मिरवणूक झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी जनकाबाई पोतं घेऊन आल्या, तर पहारेकऱ्याने त्यांना तिकीट विचारलं. त्यांनी भगवंतरावांना बोलावून घेतलं. मी सोबत होतो.

“भाऊ, एका दिवसाचं म्हने होतं ना?”

“आता काय सांगू, जनकाबाई. मंजूर फोटोत मिरच्या नाहीत.”

जनकाबाईंनी पोतं खाली ठेवलं. “फोटोत तं मीबी नाई, भाऊ,” त्या म्हणाल्या. “मी धुरात होतो.”

भगवंतरावांनी मोबाईल काढला आणि त्यात पाहत राहिले. मला वाईट वाटलं. सचिवाला वाईट वाटण्याची तरतूद नाही, तरीही वाटलं, आणि पुढच्या बैठकीपर्यंत वाटत राहिलं. बैठकीत विषय पत्रिकेवर नव्हता.

वाचकहो, तुम्हालाही वाईट वाटलं असेल. तुम्ही सहृदय आहात, तुमच्यासाठीच हा किनारा केला आहे. सुटीत जरूर या. बाकड्यावर बसा, नाल्याकडे पाठ करून फोटो काढा, रोडगे खा, किती स्वच्छ ठेवलंय म्हणा. कुंपण संपतं तिथे वळण आहे, गाडी बेताने घ्या. रस्त्याच्या कडेला, अर्ध्या डांबरावर, मिरच्या पसरलेल्या असतील आणि एक बाई त्या पायाने सारख्या करत असेल. तुम्ही काच वर कराल आणि हॉर्न वाजवाल.