सम्राटचं वजन आणि गोडाऊनचा काटा

पंच्याण्णवच्या हंगामात प्रज्ञाने साखर बंद करायचं ठरवलं, आणि सगळं तिथून सुरू झालं. आम्ही राहतो कोपरगावकडच्या एका साखर कारखान्याच्या कॉलनीत. इथे कामगाराला साखर स्वस्तात मिळते. ती पाहुण्यांना आणि पाहुण्यांच्या पाहुण्यांना वाटूनसुद्धा उरते. अशा ठिकाणी साखर बंद करणं म्हणजे नदीकाठी राहून आंघोळ बंद करण्यासारखं.

प्रज्ञा आणि तिचा नवरा सम्राट आमच्या शेजारच्या खोलीत राहायचे. मला कुणाच्या घरात डोकवायची सवय नाही (आमच्या ओट्यावरची खिडकी त्यांच्या ओट्यावरच उघडते, त्याला मी काय करू), त्यामुळे कारणही मला लगेच कळलं. सम्राट कारखान्यात हंगामी वॉचमन होता. त्या वर्षी कायमच्या जागा निघाल्या, पण सिक्युरिटीचे साहेब मिलिटरीतून रिटायर झालेले. त्यांनी अट घातली की वजन ऐंशी किलोच्या आत पाहिजे आणि मैदानाला चार फेऱ्या न थांबता मारता आल्या पाहिजेत. सम्राट नव्वदच्या घरात. जागा मिळाली तर खोली राहणार, नाही तर हंगाम संपला की बिऱ्हाड उचलून पाथर्डीकडे गावी. तिथे त्याच्या घरचे सगळे दरवर्षी ऊस तोडायला निघतात, आणि प्रज्ञाला काही झालं तरी हातात कोयता घ्यायचा नव्हता.

"एकटा हा अंथरुणातून उठायचा नाही भाभी," ती मला म्हणाली. "म्हणून मी पण पळणार. आणि खाणार पण तेच."

पहिल्या दिवशी पहाटे दोघं निघाले. पुढे पंजाबी ड्रेस आणि कॅनव्हासचे बूट घातलेली प्रज्ञा, मागे धापा टाकत सम्राट. गेटबाहेर उसाच्या बैलगाड्यांची रांग लागलेली. आमच्याकडे तोवर तब्येतीसाठी कुणी पळत नसे. माणूस पळायचा तो एसटीमागे, नाहीतर बैलामागे. रांगेतला रंभाजी गाडीवान गाडीवरूनच ओरडला, "काय झालं वो? बायलर फुटला का?"

सम्राटला बोलायला दम नव्हता. त्याने नुसता हात हलवला. तो हात 'हो' समजून दहा-बारा गाडीवान डांबरी रस्त्यापर्यंत पळून आले. त्यांचं तेवढंच पळणं झालं.

पळण्याबद्दल माझं काही म्हणणं नव्हतं. खाण्याबद्दल होतं. मटकी उकडलेली, दुधी उकडलेला, अंडं उकडलेलं. त्या घरातून फोडणीचा आवाजच येईनासा झाला. मी सलमानच्या अब्बांना (म्हणजे आमच्या यांना, जैनुद्दीन, मिल हाऊसमध्ये फिटर) विचारलं, "असलं खाऊन तो पळेल कसा?"

"त्याला वजन कमी करायचंय."

"वजनाबरोबर ताकद पण जाईल. मग चार फेऱ्या कोण मारणार?"

"तू मधे पडू नको."

मी मधे पडले नाही. मी फक्त खिडकीतून एक पराठा दिला.

दुसऱ्या दिवशी पराठ्याबरोबर थोडा खिमा दिला, कारण नुसता पराठा कोरडा लागतो. पळून आल्यावर प्रज्ञा आंघोळीला गेली की सम्राट खिडकीशी हजर. "भाभी, प्रज्ञाला बोलू नका," तो खाता खाता म्हणायचा.

"मी कशाला बोलू? मला कुणाच्या घरातलं बाहेर बोलायची सवय नाही."

दर रविवारी दोघं वजन करायला साखरेच्या गोडाऊनमध्ये जायचे. तिथे पोती तोलायचा काटा होता आणि गोडाऊनकीपर रंगनाथ हौसेने वजन करायचा. प्रज्ञाचे ड्रेस सैल पडायला लागले. सम्राट मात्र किलोभर वाढला. "अजून थोडं मनावर घे," रंगनाथ त्याला म्हणाला, "म्हणजे पुरतं शंभर किलोचं पोतं होशील."

प्रज्ञा नळावर माझ्याजवळ रडकुंडीला आली. "एकच जेवण, एकच पळणं. मी उतरते आणि हा चढतो, असं कसं होईल? भाभी, तो काटाच चुकत असणार."

आता इथे मी खरं सांगायला हवं होतं. पण पोरगी इतकी समजूतदारपणे स्वतःच कारण शोधत होती, तिला मधेच कशाला तोडा. मी म्हटलं, "असेल बाई. यंत्राचं काय सांगावं."

आणि गिरणीवर दळण टाकताना फक्त आक्काबाईच्या कानावर घातलं, की गोडाऊनचा काटा चुकतो म्हणे. आक्काबाईने त्यात स्वतःचं एक अक्षर घातलं नाही. जसंच्या तसं अख्ख्या कॉलनीला सांगितलं.

दुपारपर्यंत ते गाडीवानांकडे गेलं. त्यांची मजुरी टनावर. रंभाजीने बैल सोडले आणि गेटसमोर बसला. "गोडाऊनचा काटा चुकतो, मंग उसाचा कशावरनं बरुबर? आमी काय फुकट ऊस तोडतो व्हय?" त्याच्यामागे सगळ्यांनी बैल सोडले.

सलमानचे अब्बा भलत्याच वेळी घरी आले. "मिल रिकामी फिरतीये," ते म्हणाले. "काटा चुकतो असं कुणीतरी बोललंय." मग माझ्याकडे बघत राहिले.

"मी फक्त आक्काबाईला सांगितलं," मी म्हटलं.

"मग बरोबर," ते म्हणाले आणि चप्पल घालून परत गेले.

संध्याकाळी साहेबांनी गावातल्या एका धान्याच्या व्यापाऱ्याचा काटा टेम्पोत घालून आणला आणि गोडाऊनच्या काट्याशेजारी ठेवला. दोन्ही काट्यांवर एकच वजन आलं की झालं. रंगनाथ साखरेचं पोतं उचलायला गेला, तर रंभाजी म्हणाला, "पोतं तुमचंच, काटा बी तुमचाच. मानूस चढवा."

"कोणता माणूस?" साहेबांनी विचारलं.

"ज्यानं काटा चुकतो म्हन्लं त्यो."

लोक बाजूला व्हायला लागले. वाट होत होत थेट माझ्यापर्यंत आली.

मी दोन्ही काट्यांवर चढले. रंगनाथने आकडा दोन्ही वेळा मोठ्याने सांगितला, कारण मागच्या गाडीपर्यंत ऐकू जायला हवा होता. दोन्हीकडे एकच भरला. तो आकडा मी इथे लिहीत नाही. कोपरगाव तालुक्यात ज्याला ऐकायचा होता त्याने तेव्हाच ऐकला, आणि पुढे गाडीवानांबरोबर तो पाथर्डीलाही पोचला.

"गोडाऊनचा बरुबर हाय, मंग उसाचाबी आसंल," रंभाजी म्हणाला आणि बैल जुंपायला गेला. गाड्या हलल्या. प्रज्ञा हलली नाही.

"काटा बरोबर आहे," ती सावकाश म्हणाली. "मग हा खातो कुठे?"

सम्राट आभाळाकडे बघायला लागला. "पराठा," तो म्हणाला.

"कधी?"

"रोज."

"एकच?"

सम्राटने मदतीसाठी माझ्याकडे पाहिलं. आभाळ आता मोकळं झालं होतं, म्हणून मी तिकडे बघायला लागले.

प्रज्ञा भांडली नाही. तिने त्यांच्या ओट्याच्या बाजूने त्या खिडकीला पत्रा ठोकला आणि मग आमच्या दारात आली. "भाभी, हे घर गेलं तर मला ऊस तोडावा लागेल. उद्यापासून तुम्ही पण आमच्याबरोबर पळायचं. तुम्ही रस्त्यावर असलात म्हणजे तुमचा तवा तरी थंड राहील."

तिच्या डोळ्यांत पाणी होतं. मी नाही म्हणू शकले नाही. सलमानचे जुने बूट घातले, पदर खोचला आणि पळायला लागले. (पळायला लागले असं मी म्हणते. रंभाजी रोज विचारायचा, "भाभी, दवाखान्यात निगाल्या का?") पराठे बंद झाले तसा सम्राट झरझर उतरला. हंगाम संपता संपता त्याच्या चेहऱ्यात गालाची हाडं आहेत असं आम्हाला पहिल्यांदा कळलं.

चाचणीच्या दिवशी त्याने चारही फेऱ्या न थांबता मारल्या. चुन्याच्या रेघेबाहेरून प्रज्ञा त्याच्याबरोबर पळत होती. राहिलं वजन. गोडाऊनचा काटा मैदानावर आणला होता आणि गावी निघालेले गाडीवानही गाड्या थांबवून बघत होते. पण साहेब एकदा पोळलेले. "आधी सगळ्यांसमोर काटा तपासा," ते म्हणाले. "नंतर बोंब नको."

"भाभींचं वजन सगळ्यांना पाठ आहे," रंगनाथ म्हणाला. "त्यांनाच चढवू."

मी ताठ मानेने चढले. रंगनाथने वजन सरकवलं, परत मागे घेतलं, परत सरकवलं. मग म्हणाला, "साहेब, काटा दोन किलो कमी दाखवतोय."

सम्राट चढला. एकोणऐंशी भरलं. "म्हणजे एक्क्याऐंशी," साहेब म्हणाले. प्रज्ञा मटकन खाली बसली.

"काटा बरोबर आहे," मी म्हटलं. "मीच दोन किलो उतरलेय."

मग सगळं मैदान हसायला लागलं. रंभाजी जवळ येऊन समजावणीच्या सुरात म्हणाला, "भाभी, चेष्टा नगा करू. पोराच्या पोटाचा प्रश्न हाय."

"मी यांना रोज पळवते साहेब," प्रज्ञा म्हणाली.

"तुम्ही उमेदवाराची बायको. दुसरं कोणी सांगेल?"

मिल हाऊसमधून सलमानच्या अब्बांना बोलावलं. त्यांनी मला वरून खाली बघितलं, एक चक्कर मारून मागूनही बघितलं. "साहेब, नोकरीच्या ठिकाणी खोटं बोलणार नाही," ते म्हणाले. "मला तर काही फरक दिसत नाही."

शेवटी व्यापाऱ्याचा काटा परत टेम्पोत घालून आणला. मी परत चढले, आकडा परत मागच्या गाडीपर्यंत गेला. दोन किलो तिथेही कमी भरले. म्हणजे काटा बरोबर, मी उतरलेली, आणि सम्राट एकोणऐंशी. साहेबांनी तिथेच त्याला कायम केल्याचं सांगितलं. प्रज्ञाने सगळ्यांसमोर मला मिठी मारली. खिडकीवरचा पत्रा मात्र तिने काढला नाही, आणि मीही विषय काढला नाही.

रात्री जेवताना मी सलमानच्या अब्बांना म्हटलं, "दोन-दोन काट्यांनी सांगितलं. आता तरी पटलं?"

त्यांनी भाकरीचा घास संपवला आणि मला पुन्हा एकदा नीट बघितलं. "गेले असतील," ते म्हणाले. "पण कुठून गेले, तेवढं काही काट्याला सांगता येत नाही."