एक चमचा बाबांना

"बाबा, तू श्वास घेताना आवाज करतोस. करू नकोस," बारकीनं टेबलाच्या पलीकडून फर्मावलं.

बाबांनी श्वास रोखला. घास तोंडात, श्वास छातीत आणि नजर बायकोकडे, अशा अवस्थेत ते थोडा वेळ बसून राहिले. बायकोनं डोळ्यांनीच खूण केली, की घ्या, पण हळू घ्या.

महिन्यापूर्वी कुणी सांगितलं असतं की ही सहा वर्षांची पोर बापाच्या श्वासावर हरकत घेणार आहे, तर इमारतीत कुणाचाच विश्वास बसला नसता. बारकी म्हणजे निव्वळ लोणी. दाराला धडकली तर दारालाच सॉरी म्हणायची. हा स्वभाव तिनं थेट बाबांकडून उचलला होता. बाबा एका गाद्यांच्या दुकानात विक्रेते होते आणि नोकरीला लागल्यापासून त्यांनी कुणालाही 'नाही' म्हटलेलं कुणाच्या ऐकिवात नव्हतं. मालकांचं लाइट बिल भरणं, मालकांच्या घरचा गळका नळ बघणं, संध्याकाळी मालकांच्या कुत्र्याला फिरवून आणणं, ही सगळी कामं गाद्या विकण्यातच मोडतात असं ते धरून चालले होते.

मग एके दिवशी बारकी सकाळी उठली ती सुजलेले डोळे आणि टम्म फुगलेले पाय घेऊन. तपासण्या झाल्या. किडनीतून अंगातलं सत्त्व वाहून जातंय, असं डॉक्टरबाईंनी सोप्या भाषेत सांगितलं आणि एक कडूजहर पातळ औषध लिहून दिलं.

"औषध चांगलं आहे, पण स्वभावावर उतरतं," त्या म्हणाल्या. "भूक वाढेल, झोप उडेल, चिडचिड होईल. ती बोलते आहे असं समजू नका, औषध बोलतंय असं समजा. रागवायचं नाही. आणि दोन गोष्टी लक्षात ठेवा. एक चमचाही चुकवायचा नाही, आणि मनानं एकदम बंद करायचं नाही. हळूहळू उतरवावं लागतं."

औषध बोलायला लागलं आणि घरात दुसऱ्या कुणाला बोलायला जागाच उरली नाही. बारकी पहाटे उठून सगळ्यांचे जोडे ओळीत लावायची आणि ओळ मोडली म्हणून बाबांना उठवायची. टोस्टचे त्रिकोण हवेत म्हणायची, आणि त्रिकोण केले की ते परत जोडून दे म्हणायची. स्वतःचं संपवून बाबांच्या ताटाकडे वळायची. शेजारच्या काकू विचारपूस करायला आल्या तर त्यांना म्हणाली, "काकू, तुम्ही आल्यापासून फक्त तुमच्याबद्दलच बोलताय." काकू गेल्यावर आई म्हणाली, "औषध बोललं." बाबा म्हणाले, "खरं बोललं पण."

आता औषध घेणाराच चिडका झाला म्हटल्यावर औषध पाजायचं कुणी? बारकीनं ओठ मिटून घेतले ते घेतलेच. शेवटी तिनंच तोड काढली. "बाबा पण घेणार. एक चमचा मला, एक चमचा बाबांना."

आई टपाल कचेरीत पत्रं वर्गवार लावायच्या कामावर होती. तिचं डोकं अशा वेळी चालतं. पहिली बाटली संपली होती, ती धुऊन तिनं त्यात कोरा, बिनसाखरेचा, उकळून उकळून काळा केलेला चहा भरला. रंग तोच, कडूपणाही जवळपास तोच. आणि घोटाळा नको म्हणून खऱ्या औषधाच्या बाटलीला लाल रबर बँड लावला. रोज सकाळी कामावर जायच्या आधी ती दोन चमचे भरायची आणि बाप-लेक समोरासमोर तोंडं वाकडी करून ते गिळायचे. बारकी बाबांचा चमचा आधी हुंगून बघायची. एकदा तर जीभ लावून बघितली आणि समाधानानं म्हणाली, "तुझं पण घाण आहे."

सगळं सुरळीत चाललं होतं, आणि त्याच सुमारास बाबांना राग यायला लागला.

पहिल्यांदा तो गाद्यांवर आला, मग दुकानाच्या शटरवर. एकदा त्यांनी गिऱ्हाइकांसाठी ठेवलेली बिस्किटं उभ्या उभ्या संपवली आणि रिकामा डबा जागेवर ठेवून दिला. त्यांना स्वतःलाच कळेना की आपल्याला झालंय काय.

दुकानात रोज दुपारी मालकांचे सासरे यायचे. जेवून यायचे आणि सगळ्यांत महागड्या गादीवर बुटांसकट झोपायचे. दुकानाला सुरुवातीला भांडवल त्यांनीच दिलेलं, त्यामुळे मालक त्यांच्यापुढे चवड्यांवर चालायचे. त्या दिवशी एक जोडपं नेमकी तीच गादी बघायला आलं. सासरेबुवा उताणे, घोरणं ऐन रंगात.

"हे गादीबरोबरच मिळतात का?" त्यातल्या बाईंनी विचारलं.

एरवी बाबांनी ओशाळं हसून त्यांना दुसऱ्या गादीकडे नेलं असतं. त्या दिवशी ते म्हणाले, "एक मिनिट." आणि त्यांनी सासऱ्यांचा खांदा हलवला. "उठा. ही झोपायची जागा नाही."

सासरेबुवांनी एक डोळा उघडून सभोवार पाहिलं. चहूकडे गाद्याच गाद्या. "मग कसली जागा आहे?"

"विकायची. घ्यायची असेल तर घ्या, नाहीतर घरी जाऊन झोपा. आणि तुम्ही घोरताना आवाज करता. करू नका."

सासरे उठले आणि काठी विसरून चालते झाले. जोडप्यानं गादी घेतली. मालक आतल्या खोलीच्या दारात उभे होते आणि त्यांचा चेहरा खडूसारखा पांढरा झाला होता.

"उद्या सकाळी मला भेट," ते कसंबसं म्हणाले. "आणि जाताना जरा कुत्र्याला..."

"नाही," बाबा म्हणाले, आणि तो शब्द आपल्याच तोंडून ऐकून त्यांनी झपाझप घरचा रस्ता धरला. उद्या सकाळी भेट याचा अर्थ काय, हे कळायला फार अक्कल लागत नव्हती. नोकरी गेली. बारकीच्या औषधपाण्याच्या ऐन दिवसांत गेली.

शेजारच्या काकूंकडून बारकीला घेऊन ते घरी आले, तर ती बाहुलीची वेणी घालत बसली. वेणीला लाल रबर बँड होता. बाबांनी शेल्फकडे पाहिलं. एका बाटलीलाही लाल रबर बँड होता.

"बारके, हा बाहुलीला कुठून आणलास?"

"बाटलीचा काढला. मग बाटली रडायला लागली म्हणून तिला दुसरा दिला."

"कुठल्या बाटलीला?"

"जी रडत होती तिला."

"कधी गं?"

"खूप दिवस झाले. तू विचारलंच नाहीस."

बाबा तिथंच खाली बसले. म्हणजे इतके दिवस औषध आपल्या पोटात आणि पोरीच्या पोटात कोरा चहा. भूक, चिडचिड, सासरे, 'नाही', सगळ्याचा उलगडा झाला. त्यांनी बारकीच्या पायावर अंगठा दाबून सूज बघितली. "दाबू नकोस," ती म्हणाली. सूज आहे की नाही, त्यांना काही समजेना. आपल्या हलगर्जीपणानं पोरीचं काही बरंवाईट झालं तर, या विचारानं त्यांना रडू फुटायचं बाकी होतं. आणि त्यातच मनाच्या एका कोपऱ्यात असंही आलं, की चला, सासऱ्यांशी निदान मी बोललो नाही, औषध बोललं. असा विचार आला याची त्यांना लाज वाटली, पण आला तो आलाच.

आईचा फोन लागेना. तसंच त्यांनी बारकीला उचललं, दोन्ही बाटल्या पिशवीत टाकल्या आणि दवाखाना गाठला.

अदलाबदल ऐकून डॉक्टरबाईंनी बारकीला तपासलं, लघवी तपासायला पाठवली, जुन्या बाटल्या ठेवून घेतल्या आणि नवी लिहून दिली. "उद्या संध्याकाळी रिपोर्ट येईल, तोवर घाबरू नका," त्या म्हणाल्या. "आणि तुम्हाला काय होतंय?"

"काल सगळी बिस्किटं खाल्ली. आज मालकांच्या सासऱ्यांना गादीवरून उठवलं."

डॉक्टरबाईंनी त्यांच्याकडे जरा निरखून पाहिलं. "आधी मुलीचं बघू," त्या म्हणाल्या.

घरी बायकोला सांगायचा धीर झाला नाही. जुन्या बाटल्या प्रवासात फुटल्या म्हणाले. "बाटल्या कुठल्या प्रवासाला गेल्या होत्या?" असं तिनं विचारलं, तेव्हा ते तोंड धुवायला गेले.

सकाळी मालकांनी तोंड उघडायच्या आत बाबांनी सगळी हकिगत एका दमात सांगून टाकली. मालक ऐकत गेले तसतसा त्यांचा चेहरा बदलत गेला.

"म्हणजे ते तू नव्हतास?"

"औषध होतं, साहेब."

मालकांनी उठून दार लावलं. रात्री बायकोनं त्यांना वडिलांच्या अपमानावरून झोपू दिलं नव्हतं. आता तिला सांगायला उत्तर मिळालं. शिवाय कित्येक वर्षांत पहिल्यांदा ती गादी विकली गेली होती, आणि सासरे पुन्हा पाऊल टाकणार नाही म्हणून बसले होते, म्हणजे दुपारही मोकळी.

"अहो, बसा ना," मालक म्हणाले. बाबांना ते पहिल्यांदाच 'अहो' म्हणत होते. "पाणी घ्या. चिडू नका. आज लवकर गेलात तरी चालेल. कुत्र्याचं मी बघतो."

बाबांना चिडायचं नव्हतंच. दिवसभर त्यांचं सगळं लक्ष रिपोर्टाकडे होतं. संध्याकाळी मात्र बायकोला दवाखान्यात बोलवावंच लागलं, आणि रिपोर्ट उघडायच्या आत त्यांनी तिच्यापुढे रबर बँडपासून सगळं कबूल केलं. "माझं चुकलं गं. मी बघायला हवं होतं."

डॉक्टरबाईंनी कागद पाहिला आणि हसल्या. "लघवी एकदम स्वच्छ. औषध जिथं जायला हवं तिथंच गेलंय."

बाबांनी बारकीला जवळ ओढलं आणि तिच्या डोक्यावर हनुवटी टेकून डोळे पुसले. "टोचतोयस," बारकी म्हणाली, पण बाजूला झाली नाही.

"जाणारच की," आई म्हणाली. "या पोरीच्या हाती रबर बँड टिकणार नाही हे मला पहिल्याच दिवशी दिसलं होतं. खऱ्या बाटलीच्या बुडाला मी नेलपॉलिशचा ठिपका लावला होता. तो बघूनच रोज चमचा भरत होते."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तुम्ही तिच्यासमोरच बाटली उलटी करून बघितली असती."

"म्हणजे मी महिनाभर..."

"कोरा चहा."

"मग तो राग कुणाचा होता?"

"तुमचाच," आई म्हणाली. "आतापर्यंतचा साठलेला. महिनाभर रोज बारकीची शिकवणी चालली होती, त्यातूनच बाहेर पडला. मला तर बाई बरं वाटलं."

डॉक्टरबाईंनी बारकीचं औषध उतरवायला सुरुवात करायला सांगितली. इतके किलो वजन, त्या हिशेबानं इतके आठवडे. बारकी सुधारणार होती, स्वभावही हळूहळू जागेवर येणार होता. आता अडचणीत होते ते एकटे बाबा. मालकांपुढे औषधाची ढाल होती, ती गळून पडली होती. सासऱ्यांना उठवणारा, 'नाही' म्हणणारा इसम दुसरा कुणी नसून आपणच होतो. पण खोटं बोलून नोकरी टिकवणं त्यांच्या रक्तात नव्हतं. सकाळी खरं काय ते सांगून मोकळं व्हायचं, असं ठरवून ते दुकानात गेले.

मालक दारातच वाट बघत होते. त्यांनी बाबांना हाताला धरून आत नेलं.

"औषध बंद झालं का हो तुमचं?" त्यांनी हलक्या आवाजात विचारलं.

"त्याबद्दलच सांगायचं होतं, साहेब."

"बंद नका करू. अहो, घोळ झालाय. हिनं वडिलांना समजावलं की त्या बिचाऱ्याचा दोष नव्हता, औषध होतं. तर ते म्हणाले, मग मी त्याला माफ केलं. आज दुपारपासून पुन्हा यायचं म्हणतायत. दुसऱ्या महाग गादीवर." मालकांचा चेहरा रडवेला झाला होता. "मला काही त्यांना बोलता येत नाही. तुम्हाला येतं. अजून किती दिवस चालेल ते औषध?"

खरं बोलायचं म्हणून आणलेलं वाक्य बाबांच्या जिभेच्या टोकावर होतं. ते त्यांनी परत आत घेतलं.

"हे औषध एकदम बंद करता येत नाही, साहेब," ते म्हणाले. "हळूहळू उतरवावं लागतं."

"हो ना? किती हळू?"

"वजनावर असतं. आमची बारकी अठरा किलोची. तिला तीन महिने लागणार आहेत."

"आणि तुम्ही?"

"बहात्तर."

मालकांनी मनातल्या मनात हिशेब केला. त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू रंग परत आला. "म्हणजे वर्ष निघेल."

"सहज."

"मग आजचा चमचा घेतलात का? दोन वाजता येतील ते."

"घेतो आत्ता," बाबा म्हणाले. त्यांनी डब्याच्या पिशवीतून थर्मास काढला, झाकणात काळाभोर कोरा चहा ओतला आणि मालकांसमोर तोंड वाकडं करून एका घोटात पिऊन टाकला.