रामटेके बाईंचं मधलं पद

x² + 10x + 16 हा पूर्ण वर्ग आहे का? दोन्ही टोकं पाहून तुम्ही 'हो' म्हणालात ना? मग नागभीडच्या रामटेके बाईंकडे तुम्हाला चहा मिळायचा नाही. "x अन् चारचे वर्ग दिसले का भुलले! मधात आठ x पाह्यजे होते. मधलं कोण तपासन, तुमचा बाप?"

बाई गणिताच्या निवृत्त शिक्षिका, आणि मधलं पद त्या सगळीकडे तपासतात. निवडणुकीत एक उमेदवार हात जोडून आमच्या मोहल्ल्यात आला. बाईंनी त्याला ओसरीवरच धरलं. "सुरुवातीले जयभीम, आखरीले जयभीम. मधातले पाच वर्षं कुठी होता, बाबू?" मी टाळ्या वाजवल्या, तर माझ्यावरच ओरडल्या, "टाळ्या काय वाजवून राह्यला? तूही विचार!"

माझी बहीण प्रतीक्षा दहावीत गणितात नापास झाली. बाबांनी सांगून टाकलं, "फेरपरीक्षेत निंगाली तं शिकन. नाई तं लगन." तिची चूक एकच. (a + b)² चा विस्तार करताना मधल्या 2ab मधला दोन ती हमखास गाळायची.

बाईंनी तिला थेट आमच्या धानाच्या शेतावर नेलं. तिथे बांध घालून केलेला एक मोठा चौरस तुकडा, आमच्याकडे त्याला बांधी म्हणतात, कोपऱ्यात एक लहान चौरस, उरलेल्या जागेत सारख्या मापाच्या लांबट बांध्या. सगळं मिळून एक मोठा चौरस.

"सांग, लांबट बांध्या किती?"

"एक."

"काऊन वं?"

"दुसरी काकाची हाय ना, बाई."

बाई शेताच्या धुऱ्यावर, बांधावरच बसून पोट धरून हसल्या. मग पदर खोचून उभ्या राहिल्या. "पोरी, बीजगणितात हिस्सेवाटे नसतात. काकाचीबी मोज!" पलीकडे फावडं घेऊन उभे असलेले बाबा खाली पाहू लागले. काकाशी ते बोलत नव्हते.

प्रतीक्षा पास झाली. अकरावीत गेली.

मी पेढे घेऊन बाईंकडे गेलो तेव्हा ओसरीवर चटया अंथरलेल्या होत्या, फळ्यावर गणित होतं, आणि समोर कोणी नव्हतं. पोरं आता बसस्टँडजवळच्या शिकवणीला जातात. बाईंनी माझ्या हातात खडू दिला. मी झटक्यात, बरोबर सोडवलं.

बाईंचा चेहरा उतरला. "झालं? आता जाशीन तू," त्या म्हणाल्या. "एखादी चूक कर ना रे."

तुमच्या घरात गणितात अडलेली मुलगी असेल, तर तिचं लग्न ठरवू नका. तिला या ओसरीवर घेऊन या आणि शेजारच्या चटईवर स्वतः बसा. चुका मुद्दाम कराव्या लागणार नाहीत.