पूर्णवेळ श्रोत्याची नेमणूक

उत्तर लखनऊ मराठी स्नेहवर्धक मंडळाच्या कार्यकारिणीची ऑक्टोबर महिन्याची सभा नेहमीप्रमाणे आमच्या अलीगंजच्या घरी रीतसर पार पडली. उपस्थिती पाच, चहा दोन वेळा, साबुदाणा वडे पुरेसे. मी या मंडळाचा नऊ वर्षं सचिव आहे आणि एका बँकेत मुख्य व्यवस्थापक आहे. त्यामुळे एखादी गोष्ट घडून गेल्यावर ती कशी घडायला हवी होती, हे लिहून काढण्याचा मला चांगला सराव आहे. या वेळी मात्र घडलं तसंच सांगतो, कारण प्रकरण माझ्याच घरातलं आहे.

सभेपुढचा विषय होता दिवाळीनंतरचा कार्यक्रम. दरवर्षी आपण कोणातरी विद्वान पाहुण्याला बोलावतो, तो दोन तास बोलतो आणि लोक जिन्यात उभं राहून मटारच्या भावावर चर्चा करतात. यंदा काय करावं, यावर पाऊण तास कोणाला काही सुचेना. तेवढ्यात माझी पत्नी मधुमती चहाची दुसरी फेरी घेऊन आली आणि दारातच उभी राहून म्हणाली, "पाच-पाच मिनिटांची भाषणं ठेवा ना. हलकीफुलकी. कोणी ऑफिसातली फजिती सांगेल, कोणी घरातली. पाहुणा नको, शाल नको. माणसं हसतील आणि आपापल्या घरी जातील."

आमचे अध्यक्ष रमाकांत देवस्थळी रेल्वेतून मुख्य अभियंता म्हणून निवृत्त झाले आहेत. त्यांनी डोळे मिटले. एखादी कल्पना आवडली की ते डोळे मिटतात आणि उघडतात तोवर ती त्यांची झालेली असते. हे आपल्या मनात गेली दोन वर्षं घोळत होतं, असं ते म्हणाले. मी इतिवृत्तात 'माननीय अध्यक्षांच्या सूचनेवरून' असं लिहून घेतलं. मधुमती कार्यकारिणीवर नाही, तेव्हा तिचं बोलणं इतिवृत्तात येऊ शकत नाही. यात भेदभाव काही नाही, पद्धत आहे.

परिपत्रक निघालं. अर्जाचा नमुना ठरला: नाव, हुद्दा, निवृत्त असल्यास शेवटचा हुद्दा, अपेक्षित हशांची संख्या. पहिला अर्ज मधुमतीचा आला. तिनं तो भरून माझ्या ताटाशेजारी ठेवला, वर वाटीही ठेवली, उडू नये म्हणून. हुद्द्याच्या रकान्यात तिनं 'लागू नाही' लिहिलं होतं आणि हशांच्या रकान्यात 'बघू या'. मी त्यावर 'अर्ज क्रमांक एक' असा शेरा मारला. त्या दिवसापासून रोज दुपारी ती स्वयंपाकघरात मोबाइलवर पाच मिनिटांचा गजर लावून काहीतरी बोलत असे. एका रविवारी आमची मुलगी शर्वरी तिथे बसून ऐकत होती आणि हसून हसून तिला ठसका लागला. मी बाहेर हशांच्या वर्गवारीचं परिपत्रक तयार करत होतो, तेव्हा दोघींना जरा आवाज कमी करायला सांगितलं.

मंडळाचे प्रौढ सभासद चव्वेचाळीस. चार दिवसांत अर्ज आले चव्वेचाळीस. जे कुटुंब सहा वर्षांत गणपतीच्या आरतीला फिरकलं नाही, त्या कुटुंबातूनही तीन अर्ज आले. मला इतका आनंद झाला की जेवताना मी तो आकडा दोनदा सांगितला. शर्वरीला मराठी सगळं समजतं, पण ती जन्मली आणि वाढली लखनऊत, त्यामुळे उत्तर हिंदीत देते. ती भात कालवता कालवता म्हणाली, "पापा, सब बोलेंगे तो सुनेगा कौन?"

एकानं बोलायचं तेव्हा बाकीचे त्रेचाळीस ऐकतील, इतकं साधं गणित मी तिला समजावलं. पण दुसऱ्याच दिवशी आमचे सहसचिव भास्कर येवलेकर यांचा फोन आला. भास्करराव केंद्र सरकारच्या लेखापरीक्षणात आहेत आणि मंडळाची घटना उशाशी ठेवतात. त्यांनी मला कलम चौदा वाचून दाखवलं: 'वक्ता हा त्याच कार्यक्रमाचा श्रोता मानला जाणार नाही, आणि श्रोत्याविना झालेला कार्यक्रम, झाला असे मानले जाणार नाही.' फार वर्षांपूर्वी एका काव्यसंध्येत प्रत्येक कवी आपली कविता वाचून घरी गेला होता आणि शेवटच्या कवीनं एकट्यानं वाचून, स्वतःच टाळ्या वाजवून हॉलला कुलूप लावलं होतं. त्यानंतर हे कलम आलं. आता बोला.

मग बाहेरून श्रोते आणायचं ठरलं. शेजारच्या उत्तर भारतीय मंडळींना विचारलं. त्यांना मराठी कळत नाही ही अडचण मी मांडली, तेव्हा रमाकांत साहेब म्हणाले की ती सोयच आहे, लक्ष विचलित होणार नाही. सहा जण आनंदानं तयार झाले. पण हे लखनऊ आहे. सहाही जणांनी अत्यंत अदबीनं विचारलं की दोन-चार शेर आम्हीही पेश केले तर चालेल ना? नाही म्हणणं आपल्या संस्कृतीत बसत नव्हतं आणि त्यांच्या तर नव्हतंच नव्हतं. वक्ते पन्नास झाले, श्रोते शून्यावरच राहिले.

तेव्हा कार्यकारिणीनं श्रोत्याचं पद रीतसर निर्माण केलं. पात्रता: सलग बसण्याचा अनुभव, मध्येच फोन न बघण्याची सवय, मराठीचं ज्ञान असल्यास प्राधान्य. जाहिरात मंडळाच्या व्हॉट्सॲप गटावर टाकली. सगळ्यांनी त्यावर अंगठा दाखवला, अर्ज एकानंही केला नाही. मग भास्कररावांनी मार्ग काढला. घटनेत किती श्रोते हवेत हे लिहिलेलं नाही, म्हणजे एक पुरतो. आणि तो एक कोण, हे वस्तुनिष्ठ पद्धतीनं ठरवता येईल. त्यांनी सुट्टी टाकून एकोणीस वर्षांची इतिवृत्तं तपासली. ज्या व्यक्तीनं सर्व सभांना उपस्थित राहूनही एक शब्द उच्चारल्याची नोंद नाही, ती व्यक्ती जन्मजात श्रोता समजावी, असा निकष. एकोणीस वर्षांत अशी एकच व्यक्ती सापडली, आणि ती प्रत्येक सभेत चहा घेऊन हजर होती.

रमाकांत साहेबांनी माझं अभिनंदन केलं. मीही ते स्वीकारलं.

घरी येऊन मी मधुमतीला नेमणुकीचं पत्र दिलं. पद वक्त्याहून वरचं आहे, हे नीट समजावून सांगितलं. वक्ते एकोणपन्नास, श्रोता एक. तेव्हा दुर्मीळ कोण? हॉलच्या मधोमध स्वतंत्र खुर्ची, छातीला बिल्ला, शेजारी पाण्याची बाटली. फक्त कलम चौदाप्रमाणे तिला स्वतःचं भाषण मागे घ्यावं लागेल. ती पत्र वाचत होती तोवर तिचा चेहरा पडत गेला. तो मला दिसला, नाही असं नाही.

"मला खुर्ची नको," ती म्हणाली. "मला बोलायचंय. पाचच मिनिटं. एवढ्या वर्षांत मी काही मागितलंय का?"

मला वाईट वाटलं. खरंच वाटलं. पण एकदा पत्नीसाठी नियम वाकवला, तर उद्या बाकीचेही आपापल्या पत्नींना बोलू देतील. मी तिला सांगितलं की पुढच्या वर्षी बघू. फाइलवर मी नोंद केली, 'उमेदवारानं खुर्चीबाबत अनास्था दर्शवली, पद स्वीकारले.' स्वयंपाकघरातला गजर त्या दिवसापासून बंद झाला.

कार्यक्रम नोव्हेंबरातल्या रविवारी, दुपारी तीन वाजता, अलीगंजातल्या एका शाळेच्या हॉलमध्ये सुरू झाला. मधोमध एक खुर्ची आणि तिच्यात मधुमती, अमीनाबादहून आणलेली मोरपंखी साडी नेसलेली. ती साडी तिनं भाषणासाठी घेतली होती. तिच्या मांडीवर एकोणपन्नास छापील नमुने होते. प्रत्येक भाषणानंतर तिनं 'हसले', 'स्मित केले' किंवा 'मनातल्या मनात हसले' यांपैकी एकावर खूण करायची होती. वेळ संपल्याची घंटा तिच्याकडे द्यावी, असं मी सुचवलं होतं. पण घंटा वाजवणं हा मतप्रदर्शनाचा प्रकार होतो, असा आक्षेप भास्कररावांनी घेतला, म्हणून घंटा ज्या त्या वक्त्याकडेच देण्यात आली. ती कोणी वाजवली नाही.

पहिले अध्यक्ष. 'रेल्वेतील विनोद: काही तांत्रिक बाजू' या विषयावर ते एकतीस मिनिटं बोलले. शेवटी त्यांनी हसण्यासाठी थोडा वेळ सोडला आणि खुर्चीकडे बघत उभे राहिले. मधुमती हसली. तिच्यावाचून हॉलमध्ये कोणी नव्हतंच. बाकीचे अठ्ठेचाळीस बाहेर व्हरांड्यात, भिंतीकडे तोंड करून आपापली भाषणं पाठ करत होते. माझं भाषण सहावं होतं. बँकेतल्या केवायसीच्या गमती मी सांगितल्या. माझ्या भाषणाला तिनं 'मनातल्या मनात हसले' अशी खूण केल्याचं मला नंतर दिसलं. घरातल्या माणसाकडून थोडी जास्त अपेक्षा असते.

तीन तास झाले. दहावं भाषण भास्कररावांचं होतं. लेखापरीक्षणात सापडलेली एक गमतीदार विसंगती ते परिशिष्टासह सांगत होते. मधुमतीनं नमुन्यांचा गठ्ठा नीट सारखा केला, खुर्चीवर ठेवला, बिल्ला काढून त्यावर ठेवला आणि ती उठून बाहेर गेली.

भास्करराव वाक्याच्या मध्येच थांबले. श्रोता नाही म्हणजे कलम चौदा लागू, म्हणजे पुढे उच्चारलेला प्रत्येक शब्द कायद्यानं उच्चारलेला नाही. व्हरांड्यात बातमी पोचली आणि एकोणचाळीस वक्ते, ज्यांचं बोलायचं राहिलं होतं, एकदम खवळले. कोणी म्हणे घरी फोन लावा, कोणी म्हणे पर्यायी श्रोता का नेमला नाही. आम्ही सगळे फाटकाकडे धावलो.

मधुमती फाटकाबाहेर एका ई-रिक्षाशी उभी होती आणि रिक्षावाल्याला काहीतरी सांगत होती, हातवारे करून, मधे मधे कोणाच्या तरी आवाजाची नक्कल करून. रिक्षावाला गमछ्यानं डोळे पुसत होता. मागे बसलेल्या दोन बायका एकमेकींच्या खांद्यावर डोकं टेकून हसत होत्या. शेजारचा भुईमूगवाला पुडी बांधायची सोडून ऐकत उभा होता. गाड्यांच्या हॉर्नमध्ये आमच्यापर्यंत शब्द एकही येत नव्हता, येत होतं ते फक्त हसणं. मी तिला असं बोलताना कधी पाहिलं नव्हतं. सवयीनं मी घड्याळ पाहिलं. चार मिनिटं पन्नास सेकंदांनी ती थांबली, आणि रिक्षावाला म्हणाला, "अरे भाभीजी, आगे क्या हुआ?" रस्त्यावर एवढंच आम्हाला नीट ऐकू आलं.

रमाकांत साहेब बराच वेळ तिकडे बघत राहिले. त्यांना एकतीस मिनिटांत जे मिळालं नव्हतं, ते तिथे रस्त्यावर फुकट वाटलं जात होतं. शेवटी त्यांनी हलक्या आवाजात विचारलं, "येवलेकर, हा हशा आपल्या अहवालात धरता येईल का?"

भास्कररावांनी मान हलवली. हशा मंडळाच्या आवाराबाहेर झालेला. शिवाय श्रोता बोलला, म्हणजे तो श्रोता राहिला नाही, म्हणजे पहिल्या भाषणापासून कार्यक्रम झालेलाच नाही. मधुमती त्याच रिक्षात बसून घरी गेली. आम्ही तिथेच फाटकाशी तातडीची सभा घेतली आणि एकमतानं दोन ठराव केले: कार्यक्रम झाला नाही, आणि तो न झाल्याबद्दल श्रोत्याकडून लेखी खुलासा मागवावा.

सचिव म्हणून पत्रावर सही माझी होती. सोमवारी सकाळी नाश्त्याच्या वेळी मी ते तिच्या हातात दिलं: 'श्रोता या पदावर कार्यरत असताना आपण विनापरवाना बोलल्याचे निदर्शनास आले आहे.' तिनं ते वाचलं, घडी घातली आणि माझ्यासमोर बसली. चिडलेली नव्हती. चिडली असती तर मला सोपं गेलं असतं.

"लिहून घ्या खुलासा," ती म्हणाली. "तुम्ही माझा अर्ज घेतलात, भाषण काढून घेतलंत, मला खुर्चीत बसवलंत. बावीस दिवस. मी कशावर बोलणार होते, हे एकदा तरी विचारलंत का हो?"

मी ते शब्दशः लिहून घेतलं. कार्यकारिणीपुढे खुलासा ठेवला तेव्हा सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं, आणि तो मूळ मुद्द्याशी असंबद्ध असल्यामुळे दप्तरी दाखल करण्यात आला. घरी मात्र माझी पंचाईत झाली आहे. आता विचारावं तर उशिरा विचारल्यासारखं होतं आणि न विचारावं तर ती समोर बसलेली असते. शर्वरीला विचारलं, तर ती म्हणते, "मम्मी से पूछो ना."

हे सगळं मी आपल्याला अथपासून इतिपर्यंत सांगितलं. अध्यक्ष कशावर बोलले, मी कशावर बोललो, भास्करराव कशावर बोलले, हे आपण सगळं ऐकून घेतलंत. पण ती कशावर बोलणार होती, हे मधे कुठे थांबवून आपणही मला विचारलं नाहीत. कार्यकारिणीत सध्या एक जागा रिकामी आहे. आपलं नाव मी सुचवलं आहे.